रिकाम्या खुर्चीचं तंत्र: नेमकं कसं करायचं, कुठे थांबायचं, आणि जोडप्यांबरोबर चालतं का?

केतकी_समुपदेशन

गेस्टाल्ट या मानसोपचार पद्धतीबद्दल मराठीत जे सापडतं त्यात तिचे संस्थापक फ्रिट्झ पर्ल्स यांचा परिचय असतो, ‘इथे आणि आत्ता’ असतं, आणि ‘समोर रिकामी खुर्ची ठेवून मनातलं बोलायचं’ एवढ्या एका ओळीत तंत्र उरकलेलं असतं. सेशनमध्ये तेवढ्यावर भागत नाही. म्हणून इथल्या प्रशिक्षित मंडळींना विचारते आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना केस मांडते. कुणा एका व्यक्तीची नाही, वारंवार दिसणाऱ्या गोष्टी जुळवून केली आहे. चाळिशीची बाई, वडील जाऊन तीन वर्षं झाली. भावाला शिकायला पुण्याला पाठवलं, हिला बारावीनंतर थांबवलं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात सगळं हिनेच केलं. विषय निघाला की “जाऊ दे, ते त्यांच्या परीने चांगलेच होते” म्हणते आणि जबडा आवळते. झोप ठीक, नोकरी नीट चालू, आत्महत्येचे विचार नाहीत, व्यसन नाही.

१. खुर्ची पुढे करायची वेळ आली हे कशावरून ओळखायचं?
२. पायऱ्या कोणत्या, आणि जागा बदलायला कधी सांगायचं?
३. कोणाबरोबर अजिबात करू नये?
४. नवरा-बायको दोघं समोर असताना हे वापरता येतं का?

तत्त्वज्ञान कमी आणि कृती जास्त असं उत्तर मिळालं तर फार बरं होईल.

मंजिरी गे.

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहिते. तिसरा डॉक्टरांपैकी कुणीतरी घ्यावा.

वेळ ओळखणं. तीन गोष्टी एकत्र दिसायला हव्यात. आयुष्यातल्या महत्त्वाच्या माणसाबद्दल काहीतरी अडकून राहिलंय, ते आत्ता या क्षणी आवाजात किंवा शरीरात जागं आहे, आणि ते दाबलं जातंय. तुमच्या केसमध्ये “जाऊ दे” आणि आवळलेला जबडा एकाच वेळी येतात, तीच खूण. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ लेस्ली ग्रीनबर्ग यांनी सेशनच्या ध्वनिमुद्रणांचा बारकाईने अभ्यास करून या खुणा आणि पुढच्या पायऱ्या बांधून काढल्या. खाली मांडलेला क्रम मुख्यतः त्यांचाच आहे. तीच बाई वडिलांबद्दल बातमी सांगावी तशा कोरड्या आवाजात बोलत असेल तर खुर्ची काढू नका, नाटक होतं. शिवाय तुमच्यावर विश्वास बसलेला हवा. माझ्या मते तिसऱ्या-चौथ्या सेशनच्या आधी घाई नको.

मांडणी. दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या, चाकांच्या नकोत. मधे तीन ते चार फूट. एक सोफा आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची असं चालत नाही, कारण जागा बदलली की उंची बदलते आणि लक्ष तिकडे जातं. तुम्ही बाजूला बसायचं, क्लायंटच्या जरा जवळ, तिचा चेहरा दिसेल पण दोघांच्या मधे येणार नाही असं. फोटो ठेवू नये असं माझं मत आहे. हार घातलेला फोटो समोर आला की माणूस नमस्कार करतो, भांडत नाही.

गेलेल्या माणसाशी बोलायचं म्हटल्यावर “हे प्लँचेटसारखं आहे का?” असं काही जण विचारतात, आणि न विचारणाऱ्यांच्याही मनात ते येतं. आधीच सांगून टाकावं: “आपण कुणाला बोलावत नाही आहोत. तुमच्या मनात जे बाबा आहेत त्यांच्याशी बोलतोय.” मग परवानगी. “एक प्रयोग करून बघू या का? नको वाटलं तर मधेच थांबू.” ‘प्रयोग’ हा शब्द जपून ठेवा. प्रयोगात नापास होणं नसतं, आणि तुम्हालाही निकाल आधीच ठरवता येत नाही.

पायरी १: माणूस समोर आणणं. एक-दोन मिनिटं. “बाबा तिथे बसलेत असं समजा. काय घातलंय? हात कुठे आहेत? तुमच्याकडे बघतायत की पेपरात डोकं आहे?” मग लगेच, “त्यांना बघून आत्ता तुम्हाला काय होतंय?” ही पायरी गाळली की पुढचं सगळं भाषण होतं. खुर्ची लांब सरकवावीशी वाटली तर सरकवू द्या. अंतर किती हवं हे तिने ठरवणं हा कामाचाच भाग आहे.

पायरी २: थेट बोलणं. सुरुवातीला ती तुमच्याकडे बघून म्हणेल, “बाबांनी मला कधी विचारलंच नाही.” टोकू नका, दिशा बदला: “हे त्यांनाच सांगा. बाबा, तुम्ही…” बोलता बोलता ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं किंवा ‘आहात’चा ‘आहेस’ झाला तर दुरुस्त करायचं नाही, तिथे लक्ष द्यायचं. आदराच्या रूपाआड राहिलेलं बरंच काही त्या घसरणीतून बाहेर येतं.

पायरी ३: गाऱ्हाण्यातून राग आणि दुःख वेगळं करणं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा लागतो. कुरकुर म्हणजे राग आणि दुःख यांची गाठ असते. दोन्ही अर्धवट असतात, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच फिरत राहते. साधारण असं जातं:

– बाबा, तुम्ही दादाला पुण्याला पाठवलंत. मला म्हणालात, तुला काय करायचंय शिकून.
– पुन्हा सांगा. जरा हळू.
– तुला काय करायचंय शिकून, म्हणालात. (दोन्ही तळवे मांड्यांवर दाबलेले.)
– हात काय करतायत तुमचे?
– दाबतायत. धरून ठेवलंय काहीतरी.
– काय धरून ठेवलंय ते बाबांना सांगा.
– मला राग आला होता. फार राग आला होता. मी काहीच बोलले नाही. दार लावून रडले आणि सकाळी तुम्हाला चहा करून दिला.

थेरपिस्टने इथे अर्थ सांगितलेला नाही. सल्लाही दिला नाही, तिच्या तोंडी वाक्यही घातलं नाही. फक्त तीनदा दिशा दिली. शेवटच्या वाक्यात राग आणि दुःख पहिल्यांदा सुटे होतात. आता एका वेळी एकच धरायचं. आधी राग पूर्ण, मग खालचं दुःख, किंवा उलट. रडू लवकर आलं आणि राग नाहीसा झाला तर थोडं थांबून “आणि त्या रागाचं काय?” असं विचारायला हवं. आपल्याकडे बायकांचा राग बरेचदा रडण्यात विरतो आणि पुरुषांचं दुःख ओरडण्यात.

उशीला गुद्दे मारायला लावू नका. ब्रॅड बुशमन यांच्या २००२च्या प्रयोगात राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर मारणाऱ्यांचा राग इतर गटांपेक्षा जास्तच आढळला. इथे राग फेकायचा नसतो. तो कुणावर आहे, कशाबद्दल आहे, हे स्वतःच्या आवाजात पोचवायचं असतं.

पायरी ४: काय हवं होतं ते सांगणं. “तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं. मला तो हक्क होता.” हे वाक्य तिच्याकडूनच यायला हवं. बहुतेकदा त्याच्या तोंडाशीच माणूस खचतो: “आता काय उपयोग, ते गेलेच.” समजूत घालत बसू नका. “उपयोग नाही असं वाटतंय, हेही त्यांना सांगा,” म्हणा. निराशा बोलून झाली की गरज आपोआप वर येते.

पायरी ५: जागा बदलणं. गरज बोलून झाल्यावरच, किंवा “ते असं म्हणाले असते” असं तिच्या तोंडून निघालं तर. वडिलांच्या खुर्चीत बसल्यावर आधी शरीर: ते कसे बसायचे तसं बसायचं, लेकीला घरात ज्या नावाने हाक मारायचे त्या नावाने हाक मारायची. मग तुम्ही विचारायचं, “बाबा, लेकीचं ऐकलंत. काय होतंय?” कधी वडील विरघळतात: “माझ्याकडे पैसे एकाचेच होते, आणि मला भीती वाटायची.” कधी ताठच राहतात. ताठ राहिले तर त्यांना सुधारायला जाऊ नका. तिला परत तिच्या जागेवर बसवा आणि त्या ताठ माणसाला काय सांगायचंय ते विचारा.

पायरी ६: शेवट. माफ करणं हा एक शेवट झाला. ‘चूक तुमची होती, ती मी माझ्या डोक्यावर घेणार नाही’ हाही तितकाच पूर्ण शेवट आहे. ग्रीनबर्ग आणि माल्कम यांच्या २००२च्या अभ्यासात ज्यांचं प्रकरण खरोखर मिटलं त्यांच्यात तीन गोष्टी आढळल्या: भावना तीव्रतेने व्यक्त झाल्या, अपुरी राहिलेली गरज बोलली गेली, आणि समोरच्याकडे बघण्याची नजर बदलली. त्याआधी १९९५ मध्ये पैव्हिओ आणि ग्रीनबर्ग यांनी ३४ जणांवर केलेल्या तुलनेत खुर्चीच्या कामाचा फायदा नुसतं माहिती देणाऱ्या गटापेक्षा स्पष्ट जास्त दिसला होता.

घड्याळ. ६० मिनिटांच्या सेशनमध्ये २०व्या मिनिटानंतर खुर्ची सुरू करू नये. २० ते २५ मिनिटं काम, शेवटची १५ मिनिटं आवरायला. “आजपुरतं बाबांना काय सांगून थांबायचंय?” असं विचारून तिलाच ती खुर्ची भिंतीशी नेऊन ठेवू द्या. पाय जमिनीवर, खोलीतल्या वस्तूंवर नजर, घरी गेल्यावर पहिलं काय करणार हे बोलणं. स्कूटरवर आली असेल तर दहा मिनिटं बाहेर बसवून मग जाऊ द्या.

बिघडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक, जागा फार लवकर बदलली जाते. बिचारी आपलं दुःख बोलायच्या आत वडिलांची बाजू मांडायला लागते, आणि आयुष्यभर तिने तेच केलेलं असतं. दोन, थेरपिस्टला दृश्य रंगवायचा मोह होतो. आवाज वाढला म्हणजे काम झालं असं नाही. हळू आवाजात, श्वास धरून बोललेलं एक नेमकं वाक्य कितीतरी पुढे नेतं.

डॉ. वि_मनोविकार

मंजिरीताईंनी मांडलेला क्रम उत्तम आहे. तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

भ्रम किंवा भास चालू असतील, तर नाही. ज्याला आवाज ऐकू येतात त्याला ‘समोर कुणीतरी बसलंय असं समजा’ म्हणणं धोक्याचं आहे. उन्मादाच्या अवस्थेत नाही. आत्महत्येचे विचार सक्रिय असतील, गेल्या काही आठवड्यांत स्वतःला इजा केली असेल, तर आधी सुरक्षेची योजना, गरज पडल्यास औषधोपचार, हे काम नंतर. दारू पिऊन आलेल्या माणसाबरोबर त्या दिवशी नाही. ताजं दुःख असेल, म्हणजे घरात अजून दहावं-तेरावं व्हायचंय किंवा नुकतंच झालंय, तर तिथे अडकलेलं काही नसतं, चाललेलं असतं. त्याला तंत्राची गरज नाही.

लैंगिक अत्याचार किंवा लहानपणीची मारहाण हा वेगळाच मामला. अत्याचार करणाऱ्याला समोरच्या खुर्चीत बसवणं काहींना झेपत नाही. पैव्हिओ यांच्या २०१०च्या अभ्यासात अशा लोकांसाठी दोन पद्धती ताडून पाहिल्या: एकीत खुर्चीसमोर सामना, दुसरीत तोच आशय थेरपिस्टशी बोलून उलगडायचा. उपयोग दोन्हींचा झाला, पण उपचार अर्धवट सोडणारे दुसऱ्या पद्धतीत कमी होते. म्हणजे खुर्ची नाकारणाऱ्या क्लायंटचं काही अडत नाही. ‘टाळाटाळ करतोय’ असा शिक्का मारू नये. आणि अत्याचार करणाऱ्याच्या भूमिकेत पीडित व्यक्तीला बसवायचं नाही, हा मी नियमच मानतो.

चालू प्रयोगात लक्ष कशावर ठेवायचं: नजर एका जागी गोठणं, आवाज सपाट होणं, प्रश्नाला उत्तर यायला फार वेळ लागणं, “हात बधिर झाले”, “सगळं लांबून दिसतंय”, एकदम लहान मुलासारखं बोलणं. यातलं काहीही दिसलं की खुर्ची सोडा. नावाने हाक मारा, डोळे उघडे ठेवायला सांगा, उभं करा, थंड पाण्याचा ग्लास हातात द्या, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं विचारा. सुरुवातीलाच ० ते १० अशी त्रासाची मोजपट्टी ठरवून घेतलेली असावी. ७-८च्या वर जाऊन तिथेच राहिलं की थांबायचं, आणि सेशन संपताना आकडा सुरुवातीच्या आसपास आलेला असावा.

वाचकांपैकी कुणी हे घरी एकट्याने करून बघायच्या विचारात असेल तर: न पाठवायचं पत्र लिहा, तेवढं पुरे. खुर्ची प्रशिक्षित माणसासमोरच. मन फार अस्वस्थ झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

केतकी_समुपदेशन

दोघांचेही मनापासून आभार, ‘नजर गोठणं’ वगैरे खुणा तर लगेच टिपून ठेवल्या. दोन उपप्रश्न. क्लायंटला हसू फुटलं किंवा “मला वेड्यासारखं वाटतंय, खुर्चीशी काय बोलू” असं म्हणाला तर? आणि ऑनलाइन सेशनमध्ये हे कसं करायचं? जोडप्यांच्या प्रश्नावर कुणी लिहील का?

पैलतीर_२

जोडप्यांवर लिहितो.

दोघं खोलीत असताना एकाने दुसऱ्यासाठी रिकामी खुर्ची वापरणं मला पटत नाही. जिवंत माणूस तीन फुटांवर बसलाय, त्याच्या प्रतिमेशी कशाला बोलायचं? खुर्ची तिथे नसलेल्या माणसासाठी. उदाहरणार्थ, नवऱ्याने आपल्या आईशी न बोललेलं बोलायचं आणि बायको साक्षीदार म्हणून शांत बसून ऐकते. हे उपयोगी पडतं, पण दोघांत एवढी सुरक्षितता आली असेल तरच. नाहीतर घरी गेल्यावर भांडणात तेच वाक्य परत येतं: “त्या दिवशी तूच म्हणालास ना तुझ्या आईबद्दल!”

सगळ्याच्या आधी दोघांना वेगवेगळं अर्धा-अर्धा तास भेटा आणि मारहाण, धमकी, पैशांवर आणि फोनवर पाळत याबद्दल सरळ विचारा. हिंसा चालू असेल तर एकत्र सेशन घ्यायचं नाही. एकत्र बसून खरं बोललेल्या वाक्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. तिथे २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, संरक्षण अधिकारी, १८१ ही महिला हेल्पलाइन ही माहिती तिला एकटीला द्यायची.

हिंसा नसेल तर क्लीव्हलँडचे गेस्टाल्ट थेरपिस्ट जोसेफ झिंकर आणि सोनिया नेव्हिस यांची रीत सगळ्यात सुटसुटीत. खुर्च्या एकमेकांकडे वळवायच्या. सांगायचं: “दोघांना महत्त्वाची वाटणारी एखादी गोष्ट एकमेकांशी बोला. मी ऐकतेय. मला काही दिसलं तर मधे बोलेन, तुम्ही अडलात तर माझ्याकडे वळा.” आणि मग खरंच मागे सरकून बसायचं, दहा-बारा मिनिटं. पहिली दोन मिनिटं दोघंही तुमच्याकडेच बघून बोलतात, कारण त्यांना निवाडा हवा असतो. हाताने एकमेकांकडे दाखवायचं, तोंडाने काही नाही.

या वेळात विषयाकडे फार लक्ष द्यायचं नाही, रीत बघायची. विषय सासूबाईंचा असो की फ्लॅटच्या हप्त्याचा, रीत तीच असते. कोण सुरू करतं, कोण वाक्य तोडतं, कोण विनोद करून निसटतं, श्वास कुणाचा अडतो. मग मधे बोलताना आधी त्यांना काय नीट जमतंय ते, एका वाक्यात: “तुम्ही दोघंही चटकन पेट घेता, गप्प बसून कुढत नाही.” आणि मग त्याचीच दुसरी बाजू: “म्हणून समोरचं वाक्य पूर्ण ऐकायच्या आत उत्तर तयार होतं.” एका सेशनला एवढं एकच निरीक्षण आणि त्यावर एकच प्रयोग. चार निरीक्षणं दिली की घरी एकही जात नाही.

प्रयोग कोणता? माझ्या मते सगळ्यात कामाचा म्हणजे तीन वाक्यांचा. दिसलं काय, मनात आलं काय, आणि अंगात झालं काय, हे सुटं करून सांगायचं. भांडणात या तिन्हींचा लगदा झालेला असतो. “तू माझ्यापासून लपवतोस” हे वाक्य निरीक्षण असल्यासारखं फेकलं जातं, पण ती कल्पना असते. सुटं केलं की असं होतं:

“मी खोलीत आले तेव्हा तू फोन पालथा ठेवलास, हे मला दिसलं. तू काहीतरी लपवतोयस, असं माझ्या मनात आलं. माझ्या छातीत धस्स झालं.”

पहिल्या वाक्यावर वाद होऊच शकत नाही. दुसऱ्यावर समोरचा उत्तर देऊ शकतो, कारण ते आरोप म्हणून आलेलं नाही. तिसऱ्यावर बहुतेक नवरे गप्प होतात आणि पहिल्यांदा बायकोच्या चेहऱ्याकडे बघतात. प्रत्येकी पाच मिनिटं, मग अदलाबदल. ऐकणाऱ्याने फक्त ऐकलेलं परत सांगायचं, खुलासा पुढच्या फेरीत.

दुसरा प्रयोग पर्ल्सच्या जुन्या कामातला: प्रत्येक रागामागे एक मागणी असते. आधी “मला याचा राग येतो की…”, त्याच यादीवर दुसरी फेरी “माझी मागणी आहे की…”, तिसरी “आणि मला हे आवडतं की…”. प्रत्येक फेरी दोन-दोन मिनिटांची. घोळ दुसऱ्या फेरीत होतो. “मला समजून घे” ही मागणी नव्हे, ती पाळली की नाही हे कुणालाच कळणार नाही. “रविवारी सकाळी मुलांना दोन तास तू बघ” ही मागणी. “नाही” म्हणायची मुभा समोरच्याला आहे, हे आधीच सांगा. आणि तिसरी फेरी जबरदस्तीने करून घेऊ नका. वरच्या दोन खऱ्या झाल्या नसतील तर ती शाळेतल्या निबंधासारखी होते.

एक गोष्ट राहूनच जाते. माणसं जवळ येतात आणि मग दूर होतात, याला गेस्टाल्टमध्ये संपर्काचं चक्र म्हणतात. त्यात जवळ येणं जितकं महत्त्वाचं तितकंच दूर होणं. बोलून झालं, मिटलं, आता दोघं आपापल्या कामाला, याची पुष्कळ जोडप्यांना सवयच नसते. भांडण संपल्यावरही एक जण “अजून एक शेवटचं” म्हणत राहतो. वन बीएचकेमध्ये चार माणसं राहत असतील तर दूर व्हायला जागाही नसते. तिथे ‘बोलणं संपल्यावर अर्धा तास, तू गच्चीवर, मी खाली फेरी मारून येते’ असं आधीच ठरवून घेणं हाही उपचारच आहे.

अर्धवट_आकृती

तत्त्वज्ञान कमी हवंय हे लक्षात आहे. पण एका भागाशिवाय वरच्या पायऱ्या पाठ केलेल्या होतील, म्हणून तेवढंच.

रिकामी खुर्ची म्हणजे गेस्टाल्ट नव्हे. ती मुळात याकोब मोरेनोंच्या सायकोड्रामातली, म्हणजे भूमिका करून उपचार करण्याच्या पद्धतीतली. पर्ल्सने १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एसालेन या शिबिर-केंद्रात गटासमोरच्या प्रात्यक्षिकांत ती गाजवली. १९६५च्या शिक्षणपटात कार्ल रॉजर्स, पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस हे तिघं एकाच बाईशी पाळीपाळीने बोलतात. कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना एलिस परिचित आहेत. त्या फितीत पर्ल्स तिला तोंडावर ढोंगी म्हणतो. पुष्कळांच्या डोक्यात गेस्टाल्ट म्हणजे हाच भिडायचा बाज बसलाय. त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये त्याची पत्नी लॉरा पर्ल्स वेगळ्या रीतीने शिकवत होत्या. १९५२ला तिथे सुरू झालेली पहिली गेस्टाल्ट संस्था त्यांनीच पुढची अनेक दशकं चालवली. संपर्क साधायचा तर आधी आधार हवा, हे त्यांचं सूत्र. तो आधार अगदी शारीरिक: पाय कुठे टेकलेत, पाठीला टेकू आहे का, श्वास चालू आहे का. मंजिरीताईंनी खुर्चीची उंची आणि अंतर यावर लिहिलंय ते या परंपरेतलं आहे.

आता तुमच्या केसचा जबडा. गेस्टाल्टमध्ये संपर्क तुटण्याच्या काही रीती सांगितल्यात. त्यातल्या दोन इथे दिसतात. ‘मुलीने उलट बोलू नये’ हा न चावता गिळलेला नियम. आणि बोलायची जी ताकद बाहेर जायची ती आत वळवलेली, म्हणून जबडा आवळलेला. दोन्हींचा प्रयोग वेगळा. गिळलेल्या नियमासाठी: तो मोठ्याने म्हणायला सांगा, “मुलीने उलट बोलू नये.” हा कुणाचा आवाज आहे? आजीचा? वडिलांचा? आता यातलं किती ठेवायचंय, किती नाही? सगळा नियम थुंकून टाकायला लावणं ही तुमची घाई झाली. ती अर्धा ठेवेल, आणि तो अर्धा आता तिचा असेल. आत वळवलेल्या ताकदीसाठी: “सैल सोडा” म्हणू नका. “जबडा आणखी थोडा आवळा. आता हळूहळू सोडा. सोडताना काय बोलावंसं वाटतंय?” म्हणा. शरीर जे करतंय तेच थोडं जास्त करायला लावलं की ते कशासाठी चाललंय हे तिला स्वतःला कळतं.

आरनॉल्ड बेसर यांनी १९७०मध्ये यामागचा विचार मांडला. पोलिओने मानेखाली लुळे झालेले हे मनोविकारतज्ज्ञ. त्यांचं म्हणणं असं की माणूस जे नाही ते व्हायच्या धडपडीत बदल होत नाही, तो जसा आहे तसा पूर्णपणे झाला की होतो. म्हणून “वडिलांना माफ करा”, “राग सोडा” ही उद्दिष्टं थेरपिस्टने धरायचीच नाहीत.

भाषेबद्दल एक सावधगिरी. ‘जबाबदारी घ्यायला शिकवा’ म्हणून ‘मला राग येतो’चं ‘मी रागावतो’ करून घ्यायचा आग्रह काही प्रशिक्षणांत धरतात. मराठीत राग येतो, रडू येतं, भीती वाटते, असंच आपण बोलतो. त्यात पळवाट नाही. पळवाट असते ती “माणसाला वाईट वाटतंच ना”, “आपल्याला असं होतं बघा” यात. तिथे “माणसाला की तुम्हाला?” एवढं विचारलं की पुरतं. तसंच एकत्र कुटुंबातला माणूस ‘आम्ही’ म्हणाला की ‘सीमा नाहीत’ असं निदान करू नका. त्या ‘आम्ही’त राहून त्याला एखाद्या गोष्टीला ‘मला नको’ म्हणता येतं का, एवढं बघा. येत असेल तर काही बिघडलेलं नाही.

मंजिरी गे.

केतकी, उपप्रश्नांची उत्तरं.

हसू आलं तर खुर्चीचा आग्रह सोडा आणि हसण्याबरोबर राहा. “हे हसू काय म्हणतंय?” बहुतेकदा लाज असते: ‘तुम्ही मला बघताय.’ मग तुमची खुर्ची थोडी मागे घ्या, किंवा “मी खिडकीकडे बघते, तुम्ही बोला,” म्हणा. “वेड्यासारखं वाटतंय” यालाही समजावू नका: “वाटणारच, रोज कुणी करत नाही. एक वाक्य बोलून बघा, नाही जमलं तर सोडून देऊ.” एक वाक्य बोलल्यावर आवाज बदलला तर पुढे जा. बदलला नाही तर आजचा दिवस नव्हता. पुढच्या वेळी तेच परत काढायचं नाही, खूण पुन्हा दिसेपर्यंत थांबायचं.

ऑनलाइन करता येतं, पण तयारी आधीच्या सेशनला. क्लायंटच्या खोलीत दुसरी खुर्ची आहे ना, दार लागतं ना, घरात त्या वेळी कोण असतं. ज्या माणसाबद्दल बोलायचंय तोच शेजारच्या खोलीत असेल तर करू नका. कॅमेरा बाजूला ठेवायचा, म्हणजे दोन्ही खुर्च्या चौकटीत येतील. लॅपटॉप समोर ठेवला की ती स्क्रीनशीच बोलते. बिनतारी इअरफोन हवेत, नाहीतर जागा बदलताना वायर ओढली जाते. पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर तुमच्याकडे लिहिलेला असावा, आणि ‘नेट गेलं तर दोन मिनिटांत फोन करते’ हे आधी ठरलेलं. मधेच कनेक्शन तुटलं आणि क्लायंट वडिलांच्या खुर्चीत असेल, तर फोनवर पहिलं वाक्य हेच: “उठून तुमच्या खुर्चीत बसा.” बाकीचं नंतर.

आणि पुढच्या सेशनला तीच खुर्ची लगेच काढू नका. आधी विचारा, आठवडाभरात बाबांची आठवण कशी आली, स्वप्न पडलं का, भावाशी बोलताना काही वेगळं झालं का. नमुना केससारख्या बाईने समजा सांगितलं की “दादाचा फोन आला, आणि मी पहिल्यांदा ‘आत्ता वेळ नाही’ म्हणाले,” तर त्या दिवशी काम त्या फोनवर करायचं, बाबांवर नाही.